गप्प न बसणाऱ्या पेशी

पाऊस असा आडवा आला की झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या दोघांनाही भिंतीला चिकटावं लागलं. तरी तिची डावी बाही भिजलीच. बाहीची तिला फिकीर नव्हती. छातीशी धरलेल्या फोल्डरमधले तीन कागद कोरडे राहिले म्हणजे झालं... खरं तर ते भिजले असते तरी बरं झालं असतं, असेच आकडे होते त्यांच्यावर.

"गप्प बसा ना गं, बायांनो," ती कागदाकडे बघत पुटपुटली. "तुम्हाला कोणी विचारलंय का काही?"

शेजारचा माणूस हसला. उंच, जरा पोक काढून उभा, हातात मिटलेली छत्री. एवढ्या पावसात छत्री मिटून उभा राहणारा माणूस म्हणजे एक तर वेडा, नाही तर कोणाची तरी वाट बघणारा, असं तिच्या मनात आलं. पण अनोळखी माणसाला विचारणार कसं?

"अजून बोलतायत का त्या?" त्यानेच विचारलं.

"कोण?"

"तुमच्या कंट्रोलच्या पेशी."

ती दचकलीच. उंदराच्या अंडाशयातल्या पेशी गप्प बसत नाहीत ही तक्रार साऱ्या जगात तीन-चार माणसांना माहीत होती, आणि हा चेहरा त्यांच्यातला नव्हता.

"आपण... ओळखतो का एकमेकांना?"

"रोज भेटतो की. तीन महिने झाले."

"मग मला कसं आठवत नाही?"

त्याने छत्री काखेत धरली, एका तळव्याने नाक-तोंड झाकलं आणि दुसरा तळवा कपाळावर ठेवला. उरले फक्त दोन डोळे. तपकिरी, डाव्या भुवईत बारीकशी खाच.

"अगं बाई! डॉक्टर!"

"सुटलो. मला वाटलं, ओळखपत्र दाखवावं लागतंय."

हा संस्थेच्या प्राणीगृहाचा डॉक्टर. तिथे शिरायचं म्हणजे दारातल्या लांबलचक बाकावर बसायचं, पायातले जोडे बाहेरच ठेवायचे, पाय उचलून बाकापलीकडे टाकायचे आणि मग गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे. एवढं सगळं चढवल्यावर आई लेकराला ओळखणार नाही, तर ही काय ओळखणार? तीन महिने ती रोज सकाळी त्या डोळ्यांकडून उंदरांचा पिंजरा घेत होती, त्या डोळ्यांशी वाद घालत होती, आणि हे डोळे कोणाच्या चेहऱ्यावर बसवलेले असतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत असे. ते अर्थातच खोटं होतं.

"पण तुम्ही मला कसं ओळखलंत? मीही झाकलेलीच असते."

"पेशींना रागावणारी दुसरी कोण असणार? आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. पाऊस कमी झाला वाटतं."

पाऊस मुळीच कमी झाला नव्हता.

"छत्री का नाही उघडत?" तिने शेवटी विचारलंच.

"मोडलीय. दुरुस्तीला घेऊन निघालो होतो, तेवढ्यात हा आला."

ती मोठ्याने हसली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा.

तिला घरीदारी सगळे चौकशी म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं. शिकायला म्हणून ती आत्याकडे आली आणि राहिलीच. तेव्हापासून आत्याच्या फ्लॅटमधल्या प्रत्येक यंत्राचं झाकण निदान एकदा तरी उघडलं गेलं होतं. घड्याळ का पुढे जातं, दूध का उतू जातं, शेजारच्या काकू का कमी बोलतात... हिला सगळ्याचं कारण हवं. अशा मुलीने संशोधनात पडावं हे ठीकच झालं. निदान आत्याचा मिक्सर वाचला.

तिचं काम ऐकायला अवघड, समजायला सोपं. मादीच्या अंडाशयात अंड्याभोवती पेशींची दाटी असते. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते, ती रक्तातून संप्रेरक पाठवते. संप्रेरक म्हणजे निरोपच म्हणा. निरोप पोचला की या पेशी कामाला लागतात आणि प्रोजेस्टेरॉन तयार करतात. वयात न आलेल्या उंदरिणीच्या पेशींना असा निरोप अजून मिळालेलाच नसतो. चौकशी त्या काढून काचेसारख्या पारदर्शक ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत वाढवायची. काही खळग्यांत मोजून संप्रेरक घालायचं, काहींत काहीच नाही. किती निरोपाला किती उत्तर, हा तिचा प्रश्न. ज्यांना काहीच घातलं नाही त्या कंट्रोलच्या पेशी. त्यांनी गप्प बसायचं. आधीची सगळी वर्षं त्या बसल्या. आणि गेले तीन महिने कोणी न विचारता भडाभडा प्रोजेस्टेरॉन ओतत होत्या.

"कंट्रोल गप्प नसेल तर तुझ्या बाकीच्या बोलण्याला काडीची किंमत नाही," मार्गदर्शक मॅडमनी त्याच सकाळी सांगितलं होतं. "पंचवीस दिवसांनी समिती बसतेय. ही तुझी शेवटची मुदतवाढ. शेवटचा प्रयोग दोनदा बरोबर आला तर प्रबंध, नाही तर... तू हुशार आहेस, दुसरं काहीतरी करशील."

पाच वर्षं या एका प्रश्नात गेली होती, आणि तिला दुसरं काही करायचंच नव्हतं.

हे सगळं तिने पत्र्याखाली त्याला सांगून टाकलं. सल्ला न देता ऐकणारा माणूस फार दिवसांनी भेटला होता.

"कारण शोधू या की," तो म्हणाला.

"शोधू या? तुम्हाला कशाला नसती उठाठेव?"

"पिंजरे माझे आहेत. शिवाय मलाही झोप येत नाही एखादी गोष्ट कळली नाही की."

तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नाक जरा मोठंच होतं. मास्कमध्ये छान लपायचं.

दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारच्या डगमगत्या टेबलावर तपास सुरू झाला. प्रयोगशाळेतली पोरं आधीच डॉक्टरला उंदीरमामा म्हणत. आता कोपरखळ्यांना ऊत आला. "मामा आले गं," म्हणत कोणीतरी दार ढकललं की चौकशीचे कान लाल व्हायचे. तिने त्यालाही कारण शोधून ठेवलं होतं: कॅन्टीनमध्ये उकडतं.

"संशयितांची यादी करू," डॉक्टरने वही उघडली. "पहिला?"

"पाणी."

"पाण्यावर का आळ?"

"सगळ्यात असतं ना. जो सगळीकडे असतो त्याच्यावर आधी संशय घ्यायचा."

"म्हणजे माझ्यावर पण?"

"तुम्ही कुठे सगळीकडे असता?"

"प्रयत्न तर चाललाय," तो म्हणाला आणि वहीत पाणी लिहायला लागला.

पाणी बदललं. पेशी बोलतच राहिल्या. पेशींना खायला घालायचा द्राव बदलला, त्यातला लाल रंग काढून टाकला, कारण तो रंग कधी कधी चहाटळपणा करून संप्रेरकाची नक्कल करतो. ताटल्या दुसऱ्या पेटीतून घेतल्या. पेशी ढिम्म. ढिम्म तरी कसं म्हणावं, बोलतच होत्या!

मग चौकशीने स्वतःवर संशय घेतला. प्राणीगृहाचा नियम तीन महिन्यांपूर्वीच बदलला होता. आधी पिंजरा दारात मिळायचा, आता प्रत्येकाने आत जाऊन स्वतः घ्यायचा. म्हणजे ती आत जायला लागली आणि बिघडलं. तिच्या हातांना काही लागलेलं असेल का? तिने हाताला लावायचं क्रीम बंद केलं, वासाचा साबण बंद केला. आठवड्यात बोटांना भेगा पडल्या.

डॉक्टरने त्या कॅन्टीनमध्ये बघितल्या. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलावर एक गोल डबी ठेवली. झाकणावर गायीचं चित्र.

"हे काय?"

"मलम. गायीच्या सडांना भेगा पडतात ना, त्यांच्यासाठी. आत काय काय आहे ते तीनदा वाचलंय, संप्रेरकाचा लवलेश नाही. सुट्टीच्या दिवशी लावा."

"मी गाय दिसते तुम्हाला?"

"गाय शांत असते हो," तो म्हणाला.

तिने डबी उचलून त्याच्या अंगावर फेकल्यासारखी केली आणि पिशवीत टाकली. सुट्टीच्या दिवशी आत्याने विचारलं, हाताला कसला वास येतोय. "गायीच्या मलमाचा," ती म्हणाली. आत्या सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर. दुसऱ्याच्या बोलण्यात जे सांगायचं राहून गेलंय ते तिला आधी ऐकू येई. "बरं," एवढंच ती म्हणाली, पण दिवसभर हिच्याकडे बघून गालात हसत होती.

असे अकरा दिवस गेले. क्रीम निर्दोष सुटलं.

बाराव्या दिवशी चौकशीने तीन महिन्यांचे सगळे आकडे एका मोठ्या कागदावर तारखेप्रमाणे मांडून आणले आणि कॅन्टीनच्या टेबलावर पसरले. डॉक्टर समोरून उठून तिच्या बाजूला येऊन बसला, कारण आकडे उलटे दिसत होते. त्याचा खांदा तिच्या खांद्यापासून चार बोटं लांब होता. ती चार बोटं तिला पूर्ण वेळ जाणवत होती.

"हे बघा. सगळीकडे बडबड, बडबड, बडबड. आणि मध्येच हा एक आठवडा..."

"गप्प."

"चिडीचूप! माझं लक्षच गेलं नव्हतं, कारण त्या आठवड्यात मी कागद वैतागून बाजूला ठेवले होते. डॉक्टर, या आठवड्यात तुमच्याकडे काय वेगळं होतं? आठवा. काहीही. खाणं, पाणी, दिवे, भुसा..."

त्याने डोळे मिटले. "खाणं तेच. दिवे तेच. हां... त्या आठवड्यात पिल्लांची खोली धुवायला काढली होती. पिंजरे शेजारच्या खोलीत हलवले, आजोबांना माझ्या टेबलावर ठेवलं, आणि..."

"कोण आजोबा?"

त्याने वही मिटली.

"कोण आजोबा, डॉक्टर?"

"एक म्हातारा नर आहे," तो हळूच म्हणाला. "दीड वर्षाचा. त्याचं काम संपलं होतं. नरांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून पिल्लांच्या खोलीत, अगदी कोपऱ्यात... वेगळ्या पिंजऱ्यात आहे हो तो! पिल्लांना दिसतसुद्धा नाही. हात लावायचं तर सोडाच."

"हात लावावाच लागत नाही," चौकशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "नुसता वास पुरतो. नराच्या मुताचा वास आला की लहान माद्या लवकर वयात येतात. नाकातून मेंदूत, मेंदूतून ग्रंथीत, ग्रंथीतून अंडाशयात. मी ताटलीत निरोप घालायच्या आधीच त्यांना निरोप मिळालेला होता... तुमच्या आजोबांचा!"

पहिल्या क्षणी तिला इतका आनंद झाला की काय सांगावं. कारण मिळालं! तीन महिने नाचवणारं कारण चार वाक्यांत समोर येऊन बसलं होतं. दुसऱ्या क्षणी तिने त्याचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला होता. आणि तिसऱ्या क्षणी तिला कळलं की हे तीन महिने कोणी खाल्ले.

"मी जनावरांचा डॉक्टर," तो म्हणाला. "गाई, कुत्री, मांजरं. उंदरांचं हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असायला हवं होतं."

"रजिस्टरमध्ये कुठे आहे तो? त्या खोलीत नर असल्याची नोंद मी कधी बघितली नाही."

"नाही. रजिस्टरमध्ये तो मेलेला आहे. माझी सही आहे."

"म्हणजे मी पाणी बदलत होते, हात फोडून घेत होते, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून यादी लिहीत होता!"

"मला खरंच सुचलं नाही की..."

"संशयितांच्या यादीतून मी तुम्हाला गमतीत सोडून दिलं होतं, डॉक्टर."

तिने कागद गोळा केला आणि ती निघून गेली. कॉफी तशीच राहिली.

समितीला तेरा दिवस उरले होते. रागवायला वेळ नव्हता. तरी तिने काम करता करता तो काढला. आजोबांची रवानगी त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर झाली. डॉक्टरने खोली स्वतः धुतली, भुसा बदलला, नुकती आईपासून वेगळी केलेली नवी पिल्लं त्यात ठेवली. पाच दिवस वाढवायची, मग पेशी, मग दोन दिवस ताटलीत, मग मोजणी. पाठोपाठ दुसरी खेप. हिशोब जेमतेम बसत होता, एकही दिवस इकडेतिकडे व्हायला जागा नव्हती.

ती रोज पिल्लं बघायला जायची. तो पिंजऱ्यापासून दोन पावलं मागे उभा राहायचा. डोळे खाली. तीही बोलायची नाही. मात्र पिंजऱ्याच्या कार्डावर तारीख, वजन, संख्या यांच्या खाली त्याच्या बारीक अक्षरात रोज एक ओळ जास्त असायची. "तीन नंबर आज पहिल्यांदा चाकावर चढली, उतरता येईना." दुसऱ्या दिवशी: "तीन नंबर उतरली." तिसऱ्या दिवशी: "खोलीत मी आणि तुम्ही सोडून कोणी आलेलं नाही. मी श्वासही जपून घेतो."

हे वाचून ती मास्कच्या आत हसली. मास्कचा हा एक फायदा. पण डोळ्यांचं काय करणार? त्याने बघितलंच असणार, कारण चौथ्या दिवशी ओळीखाली आणखी एक ओळ होती: "काल बरं वाटलं."

राग आटत होता, आणि त्याच्या खालून जे वर येत होतं ते तिला अजिबात सोयीचं नव्हतं. आपल्याला सकाळी लवकर जाग का येते? बाकावर बसून जोडे काढताना छाती का धडधडते? हिला कारणं शोधायची सवय, आणि हे कारण तर समोरच दोन पावलांवर गाऊन घालून उभं होतं.

पहिली ताटली मोजायच्या दिवशी तिने कोणालाच सांगितलं नाही. यंत्राने रंगावरून एकेका खळग्यातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं. ज्यांना संप्रेरक दिलं होतं त्यांचे आकडे जिना चढावा तसे चढत गेले. कंट्रोलचे? शून्य पूर्णांक काहीतरी, मोजायच्या लायकीचंही नाही. ती स्टुलावर बसली आणि तिला रडू आलं. दुसरी खेपही तशीच आली. पेशी शहाण्यासारख्या गप्प होत्या.

आता लिहायचं राहिलं होतं, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

प्रबंधात तीन महिन्यांचे आकडे टाकून द्यायचे, तर का टाकले ते सांगावं लागतं. "प्राणीगृहातील वातावरणीय अडचणींमुळे" असं एक वाक्य तिने लिहिलं. वाचलं. किती गुळगुळीत! या वाक्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. डॉक्टरची नेमणूक तात्पुरती होती, महिनाअखेरीला कायम व्हायची होती. खरं लिहिलं तर ती होणार नव्हती. खोटी सही कोण पोटात घालील? आणि खोटं लिहिलं तर उद्या दुसरी एखादी मुलगी याच भिंतीवर डोकं आपटत बसेल. शिवाय... पाच वर्षं खऱ्याच्या मागे लागून शेवटच्या पानावर ही पळवाट?

तिने वाक्य खोडलं आणि सरळ लिहिलं. कोणत्या खोलीत, किती दिवस, कोणाच्या चुकीमुळे. मग ते पान घेऊन ती प्राणीगृहाच्या दारात गेली. तो बाकाच्या आतल्या बाजूला बसला होता, ती बाहेरच्या बाजूला बसली. मध्ये एका बाकाची रुंदी.

"तुम्ही वाचल्याशिवाय मी हे देणार नाही."

त्याने मास्क काढून पान वाचलं. दोनदा. मग खिशातून पेन काढलं. तिला वाटलं, आता हा एखादा शब्द सौम्य करायला सांगणार, आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही.

"तारीख चुकलीय," तो म्हणाला. "दहा नाही, नऊ. सही मी दहा तारखेला केली, पण आजोबांना त्या खोलीत नऊ तारखेलाच ठेवलं होतं. तुमचा एक दिवसाचा हिशोब चुकेल."

त्याने दहाचे नऊ केले, बाजूला आपली आद्याक्षरं घातली आणि पान परत दिलं.

एवढ्या साध्या कामाने कोणी कोणाच्या प्रेमात पडावं का? पण ती पडली. खरं म्हणजे आधीच पडली होती, त्या दिवशी तिने ते स्वतःशी कबूल केलं.

समितीपुढे दोघांनी सगळं सांगितलं; प्राणीगृहही मॅडमच्याच अखत्यारीत होतं, म्हणून डॉक्टरलाही बोलावलं होतं. मॅडमनी चष्मा काढून दोघांकडे बघितलं. "हा वासाचा परिणाम लोकांनी कधीच शोधून ठेवलाय. तुम्ही दोघांनी तीन महिने डोंगर पोखरला आणि काढला काय, तर उंदीर! तोही म्हातारा!" समितीतले दोघे हसले. मग त्या डॉक्टरकडे वळल्या. "खोट्या सहीला मी पांघरूण घालणार नाही. महिनाअखेरीला तुमची नेमणूक संपेल. आणि त्या नराचं रीतसर कार्ड करून त्याला वरच्या मजल्यावरच राहू द्या. त्याला मारून हिचे तीन महिने परत येणार आहेत का?"

प्रबंध मंजूर झाला. अभिनंदनाच्या गर्दीतून चौकशी निसटली आणि जिन्यात त्याला गाठलं.

"डॉक्टर, थांबा. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"माझ्या सहीमुळे गेली. आणि जुन्या दवाखान्यात मला परत बोलावलंय. तिथली कुत्री निदान चेहऱ्याने ओळखतात."

"मला एक सांगा." तिने पिशवीतून आपली वही काढली. "नऊ तारीख. मी काल बघितलं. नऊ तारखेला मी पहिल्यांदा प्राणीगृहात आत आले होते. हा योगायोग आहे का?"

तो एक पायरी खाली उतरला. मग परत वर आला.

"नाही."

"मग?"

"आजोबांचा पिंजरा माझ्या टेबलावर होता. तुम्ही गाऊन उलटा घातला होता. वाकून बघितलंत आणि विचारलंत, ह्याला कळतं का हो, की आज आपला शेवटचा दिवस आहे? आणि उत्तर न ऐकताच पिल्लं घेऊन गेलात."

तिला आठवेना. असे शंभर प्रश्न ती रोज विचारायची.

"मी इंजेक्शन भरलेलं होतं," तो म्हणाला. "पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि विचारणारीचे डोळेही. मग मी त्याला उचलून कोपऱ्यात ठेवून दिलं. म्हटलं, उत्तर सापडलं की बघू."

"म्हणजे... माझे तीन महिने मीच घालवले?"

"नाही हो. प्रश्न तुमचा होता, चूक माझी."

"आणि कोपऱ्यात ठेवलंत ते त्याच्यासाठी, की..."

"दोघांसाठी," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. तेव्हा तर मी तुमचं नाकसुद्धा बघितलं नव्हतं."

जिन्याच्या खिडकीवर पावसाची बारीक टिपटिप चालू होती. चौकशीने फोन काढला. तो गोंधळून बघत राहिला.

"आत्या? हो, झालं मंजूर. हो गं... ऐक ना, आज जेवायला एक माणूस जास्त आहे."

"कोण माणूस?" पलीकडून आत्याचा आवाज जिन्यात स्पष्ट ऐकू आला.

पडताळून बघितल्याशिवाय कधी उत्तर न देणाऱ्या त्या मुलीने समोर बघितलं. भुवईतली खाच, मोठं नाक, घाबरलेले तपकिरी डोळे.

"माझा," ती म्हणाली.

पलीकडून आत्या म्हणाली, "तिखट चालतं का त्याला?"

चौकशीने फोनवर हात ठेवला. "तिखट चालतं का तुला?"

समितीपुढे न डगमगलेल्या त्या माणसाने नुसती मान हलवली.

"चालतं म्हणतोय," तिने आत्याला सांगितलं, आणि त्याचा हात धरून जिना उतरायला लागली.